चोरीचा खोटा आळ आणि गेलेली नोकरी: लेबर कोर्ट आधी की बदनामीचा खटला?

माझा मावसभाऊ ठाणे जिल्ह्यातल्या रबाळ्याच्या एका गोदामात स्टोअरला होता. स्टॉक मोजताना दोन खोकी कमी भरली. त्याला केबिनमध्ये बसवलं, कोरा कागद पुढे केला, म्हणाले, "राजीनामा लिहून दे, पोलिसांत देत नाही." त्याने लिहिला नाही, आणि त्यामुळेच पुढे भांडता आलं. तुमच्याकडून दमदाटीने सही घेतली असेल तर त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्टने तसं कळवा.

घरात वाद एकच होता: आधी नोकरीसाठी लढायचं की नावासाठी?

नोकरीसाठी दोन वाटा आहेत. पहिली, कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत या वाटेला नोकरीवरून काढल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. जुन्या कायद्यात ३ होती.

दुसरी, महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार, म्हणजे वकील जिला यूएलपी म्हणतात ती. खोट्या पुराव्यावर गुन्ह्यात गुंतवून काढणं, धडधडीत खोटं कारण देणं, बाजू ऐकून न घेता घाईने काढणं, हे सगळं त्यात शब्दशः आहे. अंतरिम आदेशही मागता येतो. पण मुदत फक्त ९० दिवस. शिवाय कंत्राटदारामार्फत लागला असाल आणि कंपनीने "हा आमचा माणूसच नाही" म्हटलं, तर ही वाट अडते. मग पहिलीच धरावी. नव्या संहितेनंतर तुमच्या प्रकरणात कुठली वाट चालेल, ते वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

काढणं बेकायदा ठरलं तर पुन्हा कामावर घेणं आणि मागचा पूर्ण पगार हा सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलंय. मॅनेजर किंवा १८,००० रुपयांहून जास्त पगाराचे सुपरवायझर मात्र नव्या संहितेत कामगार धरले जात नाहीत. त्यांना दिवाणी कोर्ट, आणि तिथे बहुधा नुकसानभरपाईच मिळते, नोकरी नाही.

बदनामीचं वेगळं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भरपाईचा दिवाणी दावा १ वर्षात लावावा लागतो. पण पोलिसांकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "चोर" म्हणून फोटो टाकला असेल तर केस उभी राहते. नुसतं केबिनमध्ये तोंडावर बोलले असतील तर कठीण.

माझं मत ठाम आहे: आधी नोकरी. घर पगारावर चालतं आणि ९० दिवस भुर्रकन जातात. गुन्हा दाखल झाला असेल तर निर्दोष सुटायची वाट बघत बसू नका. सुटल्यावरही नोकरी आपोआप परत मिळत नाही. स्क्रीनशॉट जपा, बदनामीची १ वर्षाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. पनवेल-तळोज्याचे असाल तर जिल्हा रायगड.

आणि सीसीटीव्हीचं फुटेज पहिल्याच आठवड्यात लेखी मागा. त्यावर नवं रेकॉर्डिंग चढलं की ते गेलं.