डायव्हर्सिटी वर्कशॉप: सकाळ भारी, दुपार बोअर (3/5)
मागच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये एका एजन्सीने डायव्हर्सिटी-इन्क्लुजनचं, म्हणजे वेगवेगळ्या लोकांना कामात सामावून घेण्याबद्दलचं, दिवसभराचं वर्कशॉप घेतलं. सकाळचं सेशन खरंच भारी. ट्रेनर मॅडमनी बायोकेमिस्ट कमला सोहोनींपासून सुरुवात केली, 1933 ला बंगलोरच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्थेत) संचालक सी. व्ही. रामननी त्यांना आधी नाहीच म्हटलं, मग वर्षभर प्रोबेशनवर घेतलं, आणि 1939 ला सोहोनींनी थेट केंब्रिजची पीएचडी मिळवली, हॉलमध्ये चिडीचूप. मग कामात काय अडतं ते नाव न टाकता चिठ्ठीवर लिहायचं. मी ग्लोव्ह्जचं लिहिलं, स्टोअरला कायम लार्जच येतात, बोटांपुढे रबर लोंबतं आणि पिपेटला (थेंब मोजून घ्यायच्या नळीला) टिप लावताना तेच मध्ये येतं, वाटलं फालतू आहे पण अजून चार चिठ्ठ्यांत तेच निघालं!!

जेवणानंतर मात्र नुसत्या इंग्रजी स्लाइड्स वाचून दाखवल्या, आमचे अटेंडंट काका बिचारे जांभया देत बसलेले. आणि हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, त्यामुळे व्हीलचेअरवरचा आमचा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) खाली कॅन्टीनमध्येच, इन्क्लुजनच्या वर्कशॉपला बरं का! आधी जागा बघून जायला काय होतं यांना? बोलवायचं तर अर्धाच दिवस बोलवा आणि मराठीत घ्यायला सांगा.