पावतीवरचा ‘नार’ हा शब्द वाचा

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी जुनं चित्र घ्यायच्या विचारात असेल, तर आधी हे वाचा. माझे २,४०० युरो गेले आहेत.

दुकानात ते चित्र दिसलं आणि माझा पाय निघेना. संगमरवरी कट्टा, त्याच्या कडेवरून खाली लोंबणारा मेलेला तित्तिर, एक पाय निळ्या फितीने बांधलेला, छातीच्या पिसांवर बसलेली माशी. खाली काळ्या रंगात सही : व्हान आल्स्ट. डेल्फ्टमध्ये १६२७ साली जन्मलेला चित्रकार विलेम व्हान आल्स्ट शिकार केलेल्या पक्ष्यांच्या चित्रांसाठी नावाजलेला. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातले त्याचे १६७१ सालचे तित्तिर मी कितीदा तरी बघत उभी राहिले आहे. विक्रेता त्याच्याबद्दल इतक्या जिव्हाळ्याने बोलला की शंकाच आली नाही. वर, “दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय.” मी लगेच कार्ड काढलं.

चार महिन्यांनी चित्र साफ करायला दिलं, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी माझ्या हातात भिंग दिलं. रंगाला पडलेल्या भेगांमध्ये सहीचा काळा रंग उतरला होता. चित्रकाराने चित्रासोबतच सही केली असती, तर भेगा सहीलाही चिरत गेल्या असत्या. इथे आधी भेगा, मग सही. अतिनील दिव्याखाली जुनं रोगण हिरवट चमकलं आणि त्याच्यावर सही काळीकुट्ट दिसली. चित्र एकोणिसाव्या शतकातली नक्कल निघालं.

जाब विचारायला गेले, तर विक्रेत्याने माझ्याच पावतीवर बोट ठेवलं : ‘नार व्हान आल्स्ट’. रेल्वे स्टेशनवर रोज ऐकलेला डच शब्द ‘नार’ म्हणजे ‘कडे’; पावतीवर तो का आहे, हे मी विचारलंच नव्हतं. चित्रांच्या व्यवहारात ‘नार’ म्हणजे त्या चित्रकाराच्या चित्रावरून केलेली नक्कल. ‘आतेलिये व्हान’ म्हणजे त्याच्या कार्यशाळेतलं, ‘क्रिंग व्हान’ म्हणजे त्याच्या वर्तुळातल्या कुणाचं तरी. तोंडाने तो ‘अस्सल’ म्हणाला होता, पण त्याला साक्षीदार कुठे आहे? वकिलानेही हात टेकले.

पैसे देण्याआधी पावतीवर नुसतं चित्रकाराचं नाव लिहून मागा, मागेपुढे एकही शब्द नको. विक्रेता कां-कूं करू लागला तर सरळ बाहेर पडा. सही स्वतः भिंगाखाली बघा. हेगच्या आरकेडी या कला-इतिहास संस्थेचा चित्रसंग्रह ऑनलाइन फुकट बघता येतो, तिथे तसंच चित्र आहे का शोधा.

गेल्या शनिवारी त्याच दुकानाच्या काचेत ससा आणि दोन तित्तिरांचं चित्र लागलेलं पाहिलं. खाली तशीच काळी सही. म्हणून आजच हे लिहायला बसले.