नवी म्हणून बसवलेली जुनीच मोटर

माझ्या जुन्या पिकअप ट्रकच्या हीटरची ब्लोअर मोटर (पंखा फिरवणारी मोटर) जळली आहे असे सांगून एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून नव्या मोटरचे पैसे घेतले आणि प्रत्यक्षात गाडीतली जुनीच मोटर रंग मारून परत बसवली. जुनी वाहने सांभाळणाऱ्या कोणाच्याही बाबतीत हे घडू शकते, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

तक्रार साधी होती. हीटरचा पंखा सगळ्याच वेगांवर मंद फिरू लागला आणि पुढे पूर्ण थांबला. समोरच्या काचेवर आतून साचणारी वाफ याच पंख्याच्या हवेने जाते, त्यामुळे थंडीपावसात तो बंद असणे ही केवळ गैरसोय नसते, रस्ता दिसेनासा होतो. गॅरेजवाल्याने डॅशबोर्डखाली हात घालून पाहिले, वीज तपासायचा मीटर कुठेच लावला नाही, आणि मोटर गेल्याचे ठामपणे सांगितले. या मॉडेलची मोटर आता बनत नाही, पण आपल्या ओळखीत मूळ कंपनीचा न वापरलेला माल शिल्लक आहे, असेही तो म्हणाला. असा माल खरोखरच कधीकधी मिळतो, त्यामुळे त्याच्या बोलण्यात खटकण्यासारखे काही नव्हते.

गाडी परत मिळाली तेव्हा पंखा जोरात फिरत होता. बिलावर ‘ब्लोअर मोटर, नवीन’ एवढेच लिहिले होते, पार्ट नंबर नव्हता. शिवाय मी न मागता त्याने एका खोक्यात घालून काळी पडलेली मोटर हातात दिली आणि म्हणाला, “ही तुमची जुनी, बघा कशी जळली आहे.”

काही आठवड्यांतच पंखा पुन्हा मंद होऊन बंद पडला. या वेळी मी स्वतः मल्टिमीटर लावला. स्विच चालू असताना मोटरच्या वायरवर बॅटरीइतके व्होल्टेज येत होते, म्हणजे फ्यूज आणि स्विच इथपर्यंत सगळे ठीक होते. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे, रंग थोडा खरवडून, मोटरच्या पत्र्याच्या कवचाला लावले. तिथे शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा, पण तिथेही जवळजवळ पूर्ण बॅटरीचे व्होल्टेज दिसले. याचा अर्थ एकच होतो: वीज मोटरमधून पलीकडे येते, पण तिला परत जायला वाट नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून कवचापर्यंत एक सुटी वायर धरताच पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला. बिघाड अर्थिंगचा, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाण्याच्या विजेच्या वाटेचा होता, आणि सुरुवातीची लक्षणे पाहता पहिल्यापासून तोच होता.

मोटर बाहेर काढल्यावर उरलेले कळले. कवचावरचा चकचकीत काळा रंग हाताला खरखरीत लागत होता, कारण तो धूळ आणि गंज न काढताच फवारला होता. वायरच्या जोडावर पूर्वी मीच गुंडाळलेली टेप तशीच होती आणि तिच्या कडेवर रंगाचे थेंब सुकलेले होते. रंग पुसल्यावर खाली ठोकलेला क्रमांक दिसला, तो गाडीच्या माझ्या जुन्या फोटोतल्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला. खोक्यातल्या मोटरच्या फ्लँजला (स्क्रूने बसवायच्या कडेला) तीन भोके होती, माझ्या गाडीतल्या मोटरला पाच आहेत. ती माझ्या गाडीत कधी बसूच शकली नसती.

या मोटरला वेगळी अर्थ वायर नाही. तिचे अर्थिंग फ्लँज आणि स्क्रूमधूनच होते. मोटर काढताघालताना स्क्रूच्या जागचा गंज घासला गेला आणि पंखा तात्पुरता चालला. पण फसवणूक लपवण्यासाठी मारलेला रंग फ्लँजच्या टेकणाऱ्या बाजूवरही गेला, आणि रंगातून वीज जात नाही. वीज परत नेण्याचा सगळा भार स्क्रूच्या गंजलेल्या आट्यांवर आला, आणि ते लवकरच दगा देऊन गेले.

म्हणून मोटर बदलायला होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी आपल्यासमोर करून घ्याव्यात. एक, वर सांगितलेली अर्थिंगची तपासणी. दुसरी, मोटर सोडवून फ्यूज घातलेल्या वायरने थेट बॅटरीवर फिरवून पाहणे. पंखा फक्त सर्वांत जास्त वेगावर चालत असेल आणि कमी वेगांवर चालत नसेल, तर बहुतेक वेळा रेझिस्टर (कमी वेगासाठी वीज रोखणारा भाग) गेलेला असतो, कारण पूर्ण वेगाला वीज त्याला वगळून जाते. अशा वेळी मोटर जळल्याचे कोणी सांगत असेल तर तिथेच थांबावे. मोटर खरोखरच बदलायची असेल, तर आधी जुनीच्या कवचाचा, भोकांचा आणि क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्यावा. नवी मोटर किती व्होल्टची आहे, शाफ्टची जाडी किती आणि ती कोणत्या दिशेने फिरते, हे तिन्ही जुळले पाहिजे. अमेरिकी पिकअपमध्ये १९५५-५६ च्या सुमारास सहा व्होल्टची जागा बारा व्होल्टने घेतली, त्यामुळे त्या काळातल्या गाड्यांबाबत गफलत सहज होते. दिशा उलटी असली तरी पंखा हवा फेकतोच, पण फार कमी, आणि मग दोष हीटरला दिला जातो.

मी फोटो समोर ठेवले तेव्हा गॅरेजवाला आधी म्हणाला, “नवी मोटर अशीच रंगवून येते.” मग म्हणाला, “जुन्या गाडीचं असं चालायचंच.” लेखी तक्रार दिल्यावर त्याने मोटरचे पैसे परत केले, मजुरीचे केले नाहीत. खोक्यातली जळकी मोटर तो परत मागत होता, ती मात्र मी दिली नाही. ती पुढच्या गिऱ्हाइकालाही ‘तुमची जुनी’ म्हणून दाखवली गेली असती.