तारा 126 भरल्या, तांबं मात्र कमी

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन घेतलं. मोटर आणि हीटर धरून लोड 55 अँपिअरच्या आसपास. पॅनलपासून मशीनपर्यंत 40 मीटर केबल लागणार होती. 16 स्क्वेअर एमएमची (प्रत्येक वायरीतल्या तांब्याचं छेदक्षेत्र) चार कोअर, म्हणजे आत चार वेगळ्या वायरी असलेली, तांब्याची फ्लेक्सिबल केबल ठरली आणि तिच्या हिशेबाने पॅनलमध्ये 63 अँपिअरचा एमसीसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा ब्रेकर, बसवला.

केबल घेतली ती पाच वर्षांच्या ओळखीच्या विक्रेत्याकडून. दोन ठिकाणच्या कोटेशनपेक्षा त्याचा भाव जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होता. "दादा, लॉट डायरेक्ट उचललाय, म्हणून परवडतं," असं तो म्हणाला. केबलवर आयएसआयची खूण होती, आयएस 694 हा पीव्हीसी केबलच्या भारतीय मानकाचा नंबर छापलेला होता, लायसन्स नंबरही होता. वायरमनने एक कोअर सोलून आतल्या बारीक तारा मोजल्या. 16 स्क्वेअरच्या फ्लेक्सिबल केबलला साधारणपणे 126 तारा असतात, त्या बरोबर 126 भरल्या. मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचं, रीडिंगही चांगलं आलं. मी पैसे दिले.

मेमधल्या एका दुपारी शेडमध्ये प्लास्टिक जळल्यासारखा वास सुटला. मोल्डिंगच्या शेडमध्ये वास असतोच, म्हणून आधी कुणी लक्ष दिलं नाही. वायरमनने केबलच्या ट्रेमध्ये हात घातला आणि ओरडला, "साहेब, मशीन बंद करा, केबल मऊ पडलीय." पॅनलकडच्या लगजवळ, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडाजवळ, इन्सुलेशन काळं पडून तडकलं होतं. त्या ट्रेखाली माझा ऑपरेटर रोज आठ तास उभा असतो. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

एमसीसीबी पडून लाइन बंद का झाली नाही? कारण त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं. 55 अँपिअर म्हणजे 63 च्या आतच.

मग मी तो सोललेला तुकडा मायक्रोमीटरखाली धरला. तार 0.40 मिलिमीटरची हवी होती, ती भरली 0.32. फरक किरकोळ वाटतो, पण जाडीचा वर्ग धरून हिशेब केला तर 16 ऐवजी जेमतेम 10 स्क्वेअर तांबं. तेवढ्याच करंटला दीडपटीहून जास्त उष्णता, आणि साध्या पीव्हीसीची मर्यादा 70 अंशांची. मीटरमागे चारही कोअर मिळून साधारण 570 ग्रॅम तांबं हवं, तिथे 365 ग्रॅम होतं. 40 मीटरमध्ये आठ किलो तांबं कमी! स्वस्त भावाचं गणित तिथे सुटलं. मेगरने हे कधीच दाखवलं नसतं, तो फक्त इन्सुलेशन तपासतो. तांब्यासाठी कंडक्टरचा रेझिस्टन्स मोजावा लागतो. 16 स्क्वेअरच्या फ्लेक्सिबल तांब्याला 20 अंशांवर किलोमीटरला 1.21 ओहमपेक्षा जास्त चालत नाही. माझ्या तुकड्याचा 1.9 च्या पुढे गेला.

आयएसआयची खूण देणाऱ्या बीआयएस या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर लायसन्स नंबर टाकला, तर तो भलत्याच कारखान्याच्या नावावर निघाला. हे काम दोन मिनिटांचं होतं आणि माल उतरवण्याआधीच करायला हवं होतं. तुम्ही तरी करा. छापलेलं नाव आणि अ‍ॅपवरचं नाव जुळलं नाही तर टेम्पो परत पाठवा. आणि आयएस नंबर, साइज, मेक लिहिलेल्या पक्क्या बिलाशिवाय केबल घेऊ नका. माझ्या बिलावर नुसतं "केबल 16 एमएम, 40 मी." होतं, त्यामुळे भांडायला हातात काही उरलं नाही. विक्रेता म्हणाला, "आम्हालाही वरून असंच आलं." अर्धे पैसे देतो म्हणाला, पण अजून दिलेले नाहीत. अ‍ॅपवरून तक्रार केली आहे.

नवी केबल दुसरीकडून घेतली. दुकानातच कोअर सोलायला लावली आणि खिशातून मायक्रोमीटर काढला. दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या. 0.40 आली, मग पैसे दिले.