टीएमसी की दलघमी? धरणाच्या पाण्याचं गणित

पावसाळ्यात जायकवाडीची बातमी कधी टीएमसीत येते, कधी दलघमीत. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर. १ टीएमसी = २८.३१७ दलघमी. जायकवाडीच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची एकूण क्षमता २९०९ दलघमी, म्हणजे सुमारे १०२.७ टीएमसी.

विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) दिला असेल तर टीएमसी सोयीचं. ११,५७४ क्युसेक २४ तास चालले की १ टीएमसी. क्युमेकचं (सेकंदाला किती घनमीटर) तसंच: दिवसभर ११.५७४ क्युमेक म्हणजे १ दलघमी. आकडे सारखे दिसतात ते दिवसाच्या ८६,४०० सेकंदांमुळे, म्हणून गफलतही इथेच होते.

पावसाचा हिशेब आला की टीएमसी अडतं. १०० हेक्टर शिवारावर ५० मिमी पाऊस पडला. १०० हेक्टर म्हणजे १ चौ. किमी. 'किलो म्हणजे हजार' म्हणून बरेच विद्यार्थी इथे १,००० चौ. मीटर धरतात. पण वर्ग उपसर्गाचाही होतो: १,००० × १,००० = १०,००,००० चौ. मीटर. त्याला ०.०५ मीटरने गुणा, ५०,००० घनमीटर, म्हणजे ०.०५ दलघमी. टीएमसीत हेच ०.००१७७, गावतळ्यासाठी असला आकडा कोण वापरणार? (हे नुसतं पडलेलं पाणी, मुरणारं आणि उडून जाणारं यातून वजा व्हायचंय.)

घनाचंही तेच. १ घन किमी म्हणजे १,००० दलघमी. इथे तीन शून्यं हमखास गळतात. गणित दलघमीत करावं, टीएमसी बातमी वाचण्यापुरतं ठेवावं.