डिजिटल नाइट व्हिजन दुर्बीण: घेण्याआधी
लष्करी छावणीचं महू जवळच, म्हणून इंदुरात कुणी ही ‘फौजी’ म्हणून दाखवली तर भुलू नका. पायदळाच्या दुर्बिणीत सहसा इमेज इंटेन्सिफायर, म्हणजे अंधुक उजेड वाढवून दाखवणारी नळी असते. तिला चांदण्यांचा उजेडही पुरतो. या डिजिटल दुर्बिणीत कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणून मिट्ट काळोखात आयआर (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा) दिवा लावावाच लागतो. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लांब पोचतो, पण समोरून लाल ठिपका दिसतो. ९४०चा दिसत नाही, पल्ला मात्र तोकडा.

दुकानातले दिवे घालवूनच बघा. आधी डोळ्याकडचं डायॉप्टर (नजरेनुसार जुळवायची कडी) फिरवून पडद्यावरची अक्षरं स्पष्ट करा, मग पुढच्या भिंगाचा फोकस. उलट केलंत तर चित्र धूसर राहतं आणि चांगल्या भिंगाला उगाच बोल लागतो. बंद काचेतून पाहिलं की आयआरचा उजेड काचेवरून परततो, पडदा पांढराफटक! शेताच्या राखणीला उत्तम. ठेवताना बॅटरी काढा.