२ टीबीच्या डबीत ६४ जीबीचं कार्ड

लॅमिंग्टन रोडला एक्सटर्नल डिस्क घ्यायला निघाला असाल, तर आधी हे वाचा. माझे ३,००० रुपये गेले, पण खरं नुकसान पैशांचं नाही.

लॅपटॉप कामाचा, त्यातल्या विंडोजला हात लावायचा नव्हता. उबुंटू, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, तर शिकायचं होतं. म्हटलं बाहेरच्या डिस्कवर टाकू; डिस्क लावली की उबुंटू, काढली की विंडोज. ग्रँट रोडला पूर्वेला उतरलो. मोठ्या दुकानांतले २ टीबी एसएसडीचे (चिपवाल्या वेगवान डिस्कचे) भाव परवडेनात, आणि एका गल्लीतल्या गाळ्यात तेवढीच 'इम्पोर्टेड' १,८०० ला मिळाली. वर उबुंटू टाकायचे ७०० आणि 'लायसन्स'चे ५००. उबुंटू फुकट आहे हो, कुणीही डाउनलोड करावं! मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बिल मागितलं तर दुकानदार म्हणाला, १८ टक्के जीएसटी वर पडेल. मी नको म्हटलं.

"सिस्टिमला ४० जीबी पुरे साहेब, बाकी सगळी जागा तुमच्या डेटाला." असं म्हणत त्याने माझ्यासमोर डिस्कची दोन पार्टिशन (भाग) केली, उबुंटू चालू करून दाखवलं. घरी येऊन मी डिस्कची साइज दाखवणारी एलएसबीएलके (lsblk) कमांड दिली, १.८ टी दिसलं. खऱ्या २ टीबीची डिस्कही तिथे तेवढीच दिसते. मी निर्धास्त झालो.

तीन महिने काही तक्रार नव्हती. मग लॅपटॉप भरला म्हणून ७० जीबी फोटो-व्हिडिओ तिकडे हलवले. कॉपी नाही, कट-पेस्ट. त्यात बाबांचा शेवटचा ड्युटीचा दिवस होता. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. डेपोत सगळ्यांनी हार घातले, आणि शेवटच्या फेरीला त्यांनी दोरी ओढून टण टण घंटी दिली, ते मी शूट केलं होतं. फाइलचं नाव तेच, साइजही बरोबर, पण लागेना. फाइलमधला कच्चा डेटा दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडली, तर आत नुसती शून्यं.

एका मित्राने डिस्कची खरी जागा तपासणारं एफ३ (f3) नावाचं टूल टाकायला सांगितलं. त्यातल्या एफ३प्रोबने (f3probe) काही मिनिटांत निकाल दिला: डिस्क बनावट, प्रकार 'लिम्बो', वापरता येणारी जागा जेमतेम ५९ जीबी (६४ जीबीचं कार्ड एवढंच दिसतं). स्क्रू-ड्रायव्हरने डबी उघडली. आत नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड, कार्ड रीडरमध्ये ग्लूने चिकटवलेलं. बाकी डबी रिकामी.

अशा कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललेलं असतं. ते कॉम्प्युटरला 'मी २ टीबी' असं खोटं सांगतं आणि खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं चुपचाप टाकून देतं; हाच तो 'लिम्बो'. एरर येत नाही. फाइलींच्या नावांची यादी बहुधा पार्टिशनच्या सुरुवातीला असते, त्यामुळे नावं शाबूत राहतात. उबुंटू पहिल्या ४० जीबीत बसलेलं, म्हणून ते आजही सुरळीत सुरू होतं. दुकानदाराने ४० जीबी सहज म्हणून नव्हते ठेवले, याबद्दल मला शंका नाही.

परत गेलो तर म्हणाला, "तुमच्यासमोर चालू करून दिली ना साहेब?" गूगल पेचे पैसे भलत्याच नावावर गेलेले. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथे पहिला प्रश्न बिलाचा.

तेव्हा बिलाशिवाय डिस्क घेऊ नका, १८ टक्के जाऊ देत. घरी आणल्यावर, उबुंटू टाकायच्याही आधी, लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता उबुंटू चालवणाऱ्या) चालू करून 'सुडो एपीटी इन्स्टॉल एफ३' (sudo apt install f3) करा आणि एफ३प्रोब चालवा. विंडोजवाल्यांनी एचटूटेस्टडब्ल्यू (h2testw) या टूलने पूर्ण डिस्क भरून तपासावी. रात्रभर लागली तरी लागू दे. आणि तपासणी होईपर्यंत कट-पेस्ट नाही, फक्त कॉपी.

बाबांच्या डेपोतल्या जुन्या सहकाऱ्यांना मी फोन करतोय. त्या दिवशी आणखी दोघांनी मोबाइल वर धरले होते, एवढं नक्की आठवतंय.